रघुनाथरावांची जावा

सायलेन्सरमधून कुंभारमाशीचं घर निघालं, एअर फिल्टरमधून उंदराचं निघालं. सोमनाथ मिस्त्रीने हात पुसले.

"आता माणूसच निघायचा ऱ्हायला," तो म्हणाला, आणि जीभ चावली.

दुसऱ्या कुठल्याही घरी हा विनोद चालला असता. मालतीबाई शेडच्या दारात खुर्ची टाकून चौथीचे पेपर तपासत होत्या. त्यांनी एका पोराचे दोन मार्क कापले आणि मान वर न करता म्हणाल्या, "चालू द्या तुमचं."

ही जावा मोटारसायकल मालतीबाईंच्या नवऱ्याची. चौऱ्याऐंशी साली रघुनाथराव बायकोच्या पाटल्या सोनाराकडून आणायला कळसहून बारामतीला गेले. रात्री उशिरा गाडी आल्याचा आवाज सगळ्या आळीने ऐकला. सकाळी शेडमध्ये गाडी होती, रघुनाथराव नव्हते. पाटल्याही नव्हत्या. तेव्हापासून गाडी चालू झाली नव्हती आणि गावाची तोंडं बंद झाली नव्हती. गावाचा हिशेब सरळ होता: गाडी घरी आली म्हणजे माणूस घरी आला, आणि घरी आलेल्या माणसाचं काय झालं ते घरच्यांनाच ठाऊक. पोलिसांनी परसातली जमीन दोनदा खणून पाहिली. त्या जागी मालतीबाईंनी वांगी लावली. ती वांगी गावात कुणी घेत नसे.

सोमनाथने ही हकीकत अनेकांच्या तोंडून ऐकली होती आणि दर वेळी नीट मान हलवली होती.

आता मालतीबाईंची मुलगी वैदेही लग्नाची झाली होती. तीन स्थळं आली आणि मुलीचा बाप कुठं हाय, एवढं विचारून परत गेली. चौथं पणदऱ्याचं. मुलगा कारखान्यात केमिस्ट, मुलगी त्याला पसंत. त्याच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, माणसाचा छडा लागू द्या. जिता असो, नसो. त्याशिवाय सुपारी फुटायची न्हाय."

यावर मालतीबाईंनी काय करावं? त्यांनी मोटारसायकल दुरुस्तीला काढली. नवरा हुडकायचा सोडून बाई फटफटी हुडकतेय, असं गाव म्हणालं. गावाला ते पटलंही. असल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा.

इंदापूरचे मिस्त्री झाले, भिगवणचा झाला. कॉइल बदलली, प्लग बदलला, बॅटरी नवी घातली. करंट येत न्हाय, असं म्हणून एकेक जण निघून गेला. मग बारामतीच्या सोमनाथला निरोप आला. पहिल्यांदा त्याने सीझनचं काम सांगितलं, दुसऱ्यांदा पाठ दुखते म्हणाला. तिसऱ्यांदा बाई स्वतःच गॅरेजवर येऊन उभ्या राहिल्या. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण सांगितलं की लोक ते घरी नेऊन तपासत बसतात. सोमनाथ आला.

"ही गाडी पूर्वी तुमच्या हाताखालून गेलीय का?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"जावा लई गेल्या बाई. ही न्हाय."

काम मात्र त्याने मन लावून केलं. टाकीत बारीक खडी घालून गंज खळखळून काढला. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. बाई रोज चहा विचारायच्या. सोमनाथचा रोज उपास असायचा.

"चहालाही चालत नाही?"

"कडक हाय, बाई."

पलीकडे बाजेवर बाईंचे सासरे, नाना, भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. पूर्वी हवालदार होते. ते झोपलेत की जागे आहेत, हे सोमनाथला एकदाही कळलं नाही. काम करताना त्याची पाठ सारखी त्यांच्याकडे व्हायची आणि तो सारखा जागा बदलायचा.

शनिवारी दुपारी गाडी उभी राहिली. काळी टाकी आरशासारखी चमकत होती. सोमनाथने किक मारली. पुन्हा मारली. नुसताच दम सुटल्यासारखा आवाज आला.

"इंदापूरचे मिस्त्रीही इथवरच आले होते," मालतीबाई म्हणाल्या.

"त्यांचं सांगू नका बाई. त्यांना सायकलचं पंक्चर काढू द्या."

"मला तर फरक दिसत नाही. बारामती काय आणि इंदापूर काय, करंट दोघांनाही येत नाही." त्यांनी पेपरांचा गठ्ठा उचलला. "राहू द्या. उद्या भंगारवाल्याला बोलावते. चहा तेवढा टाकते. आज तरी उपास सोडा."

त्या आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. नाना भिंतीकडे तोंड करून होते.

भंगारात गेली तर बरंच, असं सोमनाथच्या मनात आलं. मग उद्या इंदापूरच्या स्टँडवर चहा पिताना ते मिस्त्री काय बोलतील, तेही आलं. बारामतीचाबी आपल्याच पंगतीत बसला, म्हणतील.

त्याने दाराकडे पाहिलं. हात सीटखाली घातला. बॅटरीच्या डब्यामागे बोट पोचलं आणि काहीतरी टिचकन वाजलं.

एका किकमध्ये जावा बोलली. निळ्या धुराने शेड भरली. आळीतली कुत्री भुंकायला लागली.

मालतीबाई दारात आल्या. हातात चहा नव्हता.

"झाली बाई. एक वायर ढिली व्हती."



"जावा काय, किल्लीच्या जागी खिळा घातला तरी चालू होते," त्या म्हणाल्या. "म्हणून त्या दिवशी ते बारामतीत करंट तोडणारं चोरबटण बसवून घेणार होते. कुठं बसवलं ते सांगायला घरी आले नाहीत. गाडी मात्र कुणीतरी चालवत आणून लावली."

सोमनाथचा हात ॲक्सिलेटरवर तसाच राहिला.

"नाना, उठा," मालतीबाईंनी हाक मारली. "वैदेहीचा बाप कुठं आहे ते सांगणारा सापडला."