कोरड्या पेट्या

सर्पदंशावरच्या लसीसाठी पाळलेल्या नागाची पेटी पुसताना वैदेहीचं बोट झाकणात रुतलं. प्लास्टिक सायीसारखं मऊ झालं होतं. कचरा संपवायला सोडलेले प्लास्टिकखाऊ जिवाणू आता घराघरात होते; कोरड्या प्लास्टिकला मात्र ते तोंड लावत नसत. म्हणून ती पेट्यांवर पाण्याचा थेंब पडू देत नसे.

तिने आत पाहिलं. पेटी रिकामी होती.

"आई, पाय वर घ्या," ती खुर्चीतल्या सासूबाईंना हळूच म्हणाली. "या पेटीवर काही सांडलं का?"

"सांडेल कशाला? आज नागपंचमी ना, सकाळी दूध वाहिलं."

"याच पेटीवर?"

"एकालाच कसं वाहायचं गं? अकराही जणांना वाहिलं."