नळीतली ज्योत

“जोरात फुंकू नकोस, बाळ, ज्योत बावरते,” सोनारकामाच्या शेगडीपाशी छोट्या वैजूला शेजारी बसवून तात्या सांगायचे. आज तेच तात्या, गावी परतण्याआधी, लेकीची प्रयोगशाळा बघायला आले होते. आई गेल्यापासून ते अधूनमधून पुण्याला यायचे. वैजूने ‘राहा ना’ म्हटलं, की “तुमच्या दोन खोल्यांत माझी कशाला अडचण?” म्हणत बार्शीची एसटी धरायचे.

वैजूने काडीएवढ्या काचेच्या नळीत गॅस सोडून पेटवला. ज्योत आत शिरली आणि विझली.

“एवढ्याशा जागेत कशी जगेल बिचारी?” तात्या हसले.

“जागेचं काही नाही हो. गार भिंत तिची ऊब ओढून घेते.” तिने नळी बाहेरून तापवली आणि पुन्हा पेटवलं. निळी ज्योत आत गेली, जरा थरथरली आणि मधोमध स्थिर उभी राहिली.

तात्या कितीतरी वेळ बघत राहिले.

“निघायला हवं ना? एसटी चुकेल,” वैजू नाइलाजाने म्हणाली.

“चुकू दे.” त्यांची नजर ज्योतीवरून हलली नाही. “तिकडे एकट्याला करमत नाही गं मला, वैजू.”