खरड छाटणी

"छाटणी म्हणजे देवाची मायाच, असं म्हणाले ना पाळकसाहेब रविवारी?" डोक्यावरची भाकरीची दुरडी बांधावर ठेवत तिनं विचारलं. "मग देवानं आपला दाविद नेला, ती कुठली छाटणी? खरड की गोडी?"

नवऱ्याच्या हातातली कात्री थांबली. एप्रिलच्या उन्हात निम्मी द्राक्षबाग बोडकी उभी होती आणि कापलेल्या टोकांतून पाणी गळत होतं.

"ऑक्टोबरात गोडी छाटणी केली की घड लागतात," ती म्हणाली. "पोराला पुरल्यापासून जो तो मला तेच सांगतोय. फळ येईल, फळ येईल. अहो, तुम्ही तरी खरं सांगा."

त्यानं समोरच्या वेलीची एक फांदी छाटली. "खरड. ही आत्ता चाललीय तीच," तो म्हणाला. "हिच्यानं घड येत नाहीत. नुसती नवी काडी तयार होते."

"आणि मग?"

"मग ती काडीपण छाटतात."

ती बांधावर बसून दुरडीतली भाकरी काढू लागली. तो तरी खोटं बोलेल, असं तिला वाटलं होतं.

जेवणाआधी त्यानं सवयीनं हात जोडले. "बापा, तू जे केलंस..." पुढचा शब्द त्याच्या तोंडून फुटेना. भाकरी उन्हात वाळत राहिली.

पोराच्या मातीच्या दिवसापासून तिनं प्रार्थनेला तोंड उघडलं नव्हतं.

"...ते आम्हाला कळलं नाही," तिनं वाक्य पुरं केलं. "पण आम्ही तुझेच आहोत. आमेन."

मग तिनं भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

"जेवा आता. अजून निम्मी बाग कापायची आहे."