चमच्याच्या रेघा

नव्याकोऱ्या पांढऱ्या ताटल्यांवर महिन्याभरातच चमच्यांच्या काळपट रेघा उमटल्या आणि गणिताच्या बाईंचं टाळकं सटकलं.

"टूथपेस्ट लावून घासलं की दोन मिनिटांत जातात या रेघा. पण मी का घासू? आधी कळू दे, कोण एवढं खरवडतं ते," त्यांनी जेवताना सगळ्यांना सुनावलं. संशय अर्थातच सासऱ्यांवर. तोंडात एक दात नाही, कवळीचं नाव काढू देत नाहीत, म्हणून सगळं चमच्याने चेचून खातात. बाईंनी प्रत्येक ताटलीखाली नेलपेंटने नंबर घातला आणि ज्याची ताटली त्यानेच धुवायची, असं फर्मान काढलं.

आठ दिवसांनी तपासणी झाली. नवऱ्याची लख्ख, लेकीची लख्ख, सासऱ्यांच्या ताटलीत तर तोंड बघून घ्यावं. रेघा फक्त एक नंबरवर, आणि एक नंबर खुद्द बाईंचा. बाईंनी पर्स उचलली आणि त्या शाळेला निघाल्या.



"सूनबाई," सासरे बोळक्या तोंडाने हळूच म्हणाले, "येताना टूथपेस्ट आण. माझी संपली."