गोळी सोडल्यानंतरचे चौदा महिने

सेवाने पिशवी टेबलावर उपडी केली. चूर्णाच्या चार डब्या, तेलाच्या दोन बाटल्या, एक वाळकी मुळी, कागदात बांधलेल्या सहा पुड्या. एकूण तेरा नग.

"हे सगळं घेतलं?" मानसोपचारतज्ज्ञ डॉ. प्रज्ञेश यांनी विचारलं.

"चाखलं अन् ठिवून देलं. फरक न्हाई. जडीबुटीवाला आता मला दुरूनच रामराम करते."

सेवा पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. पूर्वी तो आठ-आठ दिवस झोपायचा नाही, मग महिनाभर अंथरुणातून उठायचा नाही. सहा वर्षं लिथियमची गोळी घेतली. ते थांबलं, पण बायकोजवळ जाणंही थांबलं. चौदा महिन्यांपूर्वी त्याने मनानेच गोळी सोडली. डॉक्टरांना हे आज कळत होतं.

"आता मन कसं आहे?"

"एकदम बराबर. झोप, काम, समदं. पण ते जमंना. आदी म्हणायचो, गोळीमुळं. आता गोळी न्हाई, तरी तसंच. म्हंजी दोष माझाच."

"काळजीनंही असं होतं. जमणार नाही, या भीतीनंच जमत नाही."

"होळी झाली की हिला मोकळी करून राहिलो, साहेब. सव्वीस वर्षांची हाय. दुसरं घर करंल."

"म्या मागितलं का?" शेजारी बसलेली त्याची बायको पुजा म्हणाली. "डॉक्टर साहेब, दोनदा हिरीतून काढलं ह्यांना. घर शांत हाय, मला तेवढं पुरे. खाणं-पिणं समदं माझ्या हातचं, म्हणून तब्येत तरी धरली."

सेवाने पुन्हा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा. पेला धरताना त्याची बोटं थरथरत होती.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "रक्त तपासून घेऊ."

"आज काहून?" पुजा म्हणाली. "एसटी चुकंल."

"तहान, थरथर. लिथियमनं असं होतं. सोडलेली गोळी आठवडाभरात रक्तातून जाते, त्यामुळे काही निघणार नाही. पण खात्री झालेली बरी."

सेवा हसला. त्याने बाही वर केली. "चौदा महिन्यांनी काय घावणार, साहेब? काढा."

अहवाल दुसऱ्या दिवशी आला. गोळी नियमित घेणाऱ्यांत अपेक्षित प्रमाण : ०.६ ते १.०. सेवाच्या रक्तातील लिथियम : ०.८.