पिवळी ओढणी

पिवळी ओढणी अठवागेटलाही उतरली.

योगितानं ते औषधाच्या दुकानाच्या काचेत पाहिलं. मागं वळून पाहायचं नाही, एवढं तिनं सकाळपासून पाळलं होतं. आपण वळलो की मागच्याला कळतं, पोरगी घाबरली आहे. हे आईचं शिकवणं. डुमसचं तिकीट हातात असून ती मुद्दाम मध्येच उतरली होती, ती या बाईला चुकवायलाच. बाईनंही डुमसचंच तिकीट काढलं होतं. "तमे पण डुमस?" असं कंडक्टरनं विचारलेलं योगितानं कान टवकारून ऐकलं होतं. मग तिला इथं उतरायचं कारणच काय?

तोंडाला डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळलेल्या बाया सुरतेत पैशाला पासरी. ऊन, धूळ, ओळखीची माणसं, सगळ्यांवर तेवढी एक ओढणी पुरते. पण योगितानं डिंडोलीच्या स्टॉपवर डुमसची बस विचारली, तेव्हापासून ही बाई मागं होती. स्टेशनवर योगितानं बस बदलली, तेव्हा तिनंही बदलली. योगिता भरभर चालली की तीही भरभर चाले.

प्रेमभंग झाला की लोक म्हणे एकटे हिमालयात जातात, बर्फातले फोटो टाकतात. योगिता निघाली होती डुमसच्या समुद्रावर, घरापासून जेमतेम बावीस किलोमीटर. हसायचं तर हसा. पण पंचवीस वर्षांत ती डिंडोलीहून पर्वत पाटियाच्या साडीच्या दुकानात कामाला जाई आणि परत येई, त्यापलीकडे एकटी कुठं गेलीच नव्हती. बाकी सगळीकडे चेतनची मोटरसायकल असायची. पाच वर्षं होती. गेल्या महिन्यात चेतननं दुसऱ्या मुलीशी साखरपुडा केला, आणि जाताना म्हणाला, "माझ्याशिवाय तू उधना दरवाजासुद्धा ओलांडणार नाहीस."

ते वाक्य माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकलं होतं. ते काढायलाच आज तिनं सुट्टी टाकली होती. अर्ध्यातून परतली किंवा चेतनला हाक मारली, तर तो बोलला ते जन्मभरासाठी खरं ठरणार होतं.

डुमसची पुढची बस आली. योगिता चढली. बाईही चढली आणि बरोबर तिच्या मागच्या बाकावर बसली. योगिताला मानेवर तिचा श्वास जाणवत होता. कोण असेल? चेतनच्या सासरवाडीनं पाळतीवर ठेवलेली? गळ्यातली साखळी ओढणारी? पोरी पळवणाऱ्या बायांच्या आईनं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तिला एकदम आठवल्या. खिडकीबाहेर मोठाल्या इमारती संपल्या, मोकळी रानं लागली.

मंगळवारची दुपार. किनाऱ्यावर माणूस औषधाला नव्हता. दोन भज्यांच्या गाड्या, त्याही झाकलेल्या. ओहोटीनं पाणी पार लांब गेलेलं. योगिता काळ्या वाळूतून सरळ पाण्याकडे चालत सुटली. पळायला तिला लाज वाटत होती. मागून चपलांचा चप चप आवाज येत राहिला.

शेवटी तिचा धीर सुटला. चेतनचा नंबर तिनं कधीच पुसला होता, पण बोटांना तो पाठ होता.

"चेतन, मी डुमसला आहे. मला भीती वाटतेय. कोणीतरी माझ्या मागं आहे."

"एकटी गेलीस?" पलीकडे तो चक्क हसला. "मी काय सांगितलं होतं? उभी राहा तिथंच. येतो मी."

चपलांचा आवाज अगदी पाठीशी येऊन थांबला. फोन कानाला तसाच ठेवून योगिता गर्रकन वळली.

"कौन हो आप? किसने भेजा है?"

बाई दचकून दोन पावलं मागं सरली. तिनं ओढणी सोडली. पन्नाशीचा, घामानं डबडबलेला चेहरा. ओठ कोरडे पडलेले.

"कोनी नही धाडं, माय," ती म्हणाली.

अहिराणी. घरची बोली. योगिताचे खांदे आपोआप सैल झाले.

"मी पुष्पाबाई. डिंडोलीनीच शे. तीस वरीस झायात सुरतमा, पन समुद्र कधी दखा नही. पोरे म्हनतस, तुले लई जासूत, लई जासूत. आज म्हनं, मीच जास. गल्लीमा कोनी वळखाले नको, म्हनीसन तोंड बांधं."

"मंग अठवागेटले कसाले उतरन्यात?"

"तू उतरनी, म्हनीसन मी उतरनू. माले वाटनं, बस आठेच बदलनी पडस."

फोनमधून चेतनचा आवाज येतच होता. "योगिता, ऐकतेस ना? हलू नकोस तिथून. तुला एकटीला जमत नाही, तर..."

योगितानं फोन बंद केला. मग तिनं विचारलं, कारण आपलीच पाठ का धरली, हे विचारल्याशिवाय तिला राहवेना, "पन मावशी, मनाच मांगे कसाले?"

पुष्पाबाईंनी ओढणीनं कपाळ पुसलं. समोर पसरलेल्या पाण्याकडे एकदा पाहिलं, आणि मग योगिताकडे.

"स्टॉपवर इतल्या बाया व्हत्यात. पन तू कशी झपझप चालत व्हती. एकदा बी मांगे वळीसन दखं नही. मनमा म्हनं, ह्या पोरले कसानंच भ्याव नही."