विजेची वही

गहिनीनाथ हैद्राबादच्या कॉलेजात विजेचं शिक्षण घेत होता, तेही निजामी रिवाजाप्रमाणं उर्दूतून. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तो आपल्या गावी, घाटनांदूरला आला आणि दुसऱ्याच दिवशी पोलीस अमीनानं त्याची वही जप्त करून त्याला चावडीवर बसवलं.

"पानापानावर मुजाहमत!" जमलेल्या गावासमोर अमीन कडाडला. "मुजाहमत म्हणजे विरोध, एवढी उर्दू कळते मला. आणि हे काय? 'एकाला एक जोडत गेलं की मुजाहमत वाढते.' कुणाला जोडायलास बे?"

"तारांना, साहेब. तार विजेला अडवती, तिला मुजाहमत म्हंत्यात. परीक्षेला हाय ते."

गावात वीज कुणी पाहिलीच नव्हती, मग विश्वास कोण ठेवणार? तीन दिवसांनी कॉलेजातून खुलासा आला, तेव्हा कुठं त्याला सोडलं. पण वही मिळाली नाही. ओळखीची माणसंही नजर चुकवून जाऊ लागली. "आता पुस्तकाला हात लावू नगंस," आई भिवराबाई रडून म्हणाली.

सुटल्याच्या चौथ्या दिवशी सांजेला दार वाजलं. शेजारचा शहादेव आणि आणखी तिघं कास्तकार उभे होते. अमीनाचे खबरे तर नसतील ना, या शंकेनं गहिनीनाथनं दार अर्धंच उघडलं.

"आमाला बी शिकीव," शहादेव हळूच म्हणाला.

"काय? वीज?"

 

"वीज ऱ्हाऊ दे. मुजाहमत शिकीव."